सल्ला हवा: स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस २३० घ्यावी, २४५ साठी ताणावं, की पुढच्या पिढीपर्यंत थांबावं?

लॉरावाला_इंदूर

नमस्कार मंडळी. राहायला लोकमान्य नगरला, नोकरी पिथमपूरला. घरात २०१२ ची लॉरा (दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हियाच, इथे या नावाने विकलेली) १.८ टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल आहे, मॅन्युअल, वडिलांनी हौसेने घेतलेली. गाडीबद्दल तक्रार नाही, पण आता दोघांनाही चालवता येईल अशी ऑटोमॅटिक हवी असा बायकोचा आग्रह आहे आणि तो रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की पैसे घालायचेच तर आरएसमध्ये, म्हणजे ऑक्टाव्हियाच्या वेगवान अवतारात घालू.

२०२५ च्या ऑक्टोबरात आलेली नवी आरएस ४९.९९ लाखांची आणि सगळ्या देशासाठी १०० गाड्या. आमच्या ऐपतीबाहेरची, आणि ज्यांची ऐपत होती त्यांनी ती उचललीही. म्हणजे उरल्या जुन्या: २०१७ ची आरएस २३० आणि २०२० ची आरएस २४५. बजेट आरटीओ-बिरटीओ धरून पंचवीस लाखांच्या आसपास. भोपाळ, पुणे, अहमदाबाद, कुठूनही आणायची तयारी आहे.

अडचण अशी की कागदावर दोघींत फरक १५ पीएस (जवळपास अश्वशक्तीच) ताकदीचा आणि २० न्यूटन मीटर टॉर्कचा, म्हणजे ओढीचा. तेवढ्यासाठी २४५ वाले जो भाव सांगतात तो ऐकून फोन ठेवावासा वाटतो. दुसरीकडे भीती ही, की भारतात आरएस येते, संपते आणि मग वर्षानुवर्षं तिचं नाव नाही. आज चुकीची घेतली तर पुढची संधी कधी? दोन पिढ्यांमधलं अंतर तुम्ही कशावरून मोजता? आणि आणखी तीन-चार वर्षं लॉराच ओढावी का?

वापर: रोज पिथमपूर, अधूनमधून सेंधवा-धुळे मार्गे पुणे. मागच्या सीटवर आई आणि दोन मुलं.

‘त्यापेक्षा एसयूव्ही घ्या’ असं कृपया लिहू नये. ते सांगायला घरात काका आहेत.


रामबागचा_राजू

भिया, २३० घ्या. उरलेल्या पैशात टायर, विमा आणि जन्मभराचे पोहे-जलेबी. विषय संपला.


सयाजीगंज_टर्बो

राजूभाऊंचा निकाल बरोबर आहे, पण कारणं दिल्याशिवाय पंचवीस लाख कोण काढेल? मी बडोद्याचा, २३० वापरतो, विकायचा विचार नाही. माझं माप त्या बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

तुम्ही अंतर मोजताय ते भारतातल्या तारखांवरून. २००४ ची पहिली ऑक्टाव्हिया व्हीआरएस (आरएसचंच तेव्हाचं नाव), २०११ ची लॉरा आरएस, मग २०१७, २०२०, २०२५. सात वर्षं, सहा, तीन, पाच. यातून काहीच हाती लागत नाही, कारण या पिढ्यांच्या तारखाच नव्हेत. पिढ्या बदलल्या युरोपात: २०००, २००५, २०१३, २०२०.

आता दोन्ही शेजारी ठेवा. पहिली तिकडे २००० ला, आपल्याकडे २००४ ला. दुसरी तिकडे २००५ ला, आपल्याकडे २०११ ला, म्हणजे तिकडे तिसरी यायला दोन वर्षं उरली होती तेव्हा. तिसरी तिकडे २०१३ ला २२० पीएसवर सुरू झाली, आपल्याला तिची ताकद वाढवलेली २३० वाली २०१७ ला मिळाली. २४५ ची तर कमालच. फेब्रुवारी २०२० च्या ऑटो एक्स्पोत ती इथे मांडली गेली तेव्हा युरोपात चौथ्या पिढीच्या ऑक्टाव्हियावरचा पडदा उठूनही झाला होता. आणि आत्ताच्या १०० गाड्या? चौथ्या पिढीचीच, पण २०२४ मध्ये चेहरामोहरा बदलून २६५ पीएस केलेली.

थोडक्यात, आपल्याकडे पिढी येत नाही, पिढीचं शेपूट येतं. यात रडण्यासारखं काही नाही बरं का. शेवटाकडची गाडी म्हणजे सुरुवातीच्या खोड्या काढून टाकलेली गाडी. मात्र ‘पुढची आली की घेऊ’ म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, की तो पुढच्या पिढीची नव्हे, तिच्या शेवटाची वाट बघतोय.

दुसरं, २३० आणि २४५ दोन्ही तिसऱ्याच पिढीच्या. त्यांच्यात पिढीचं अंतर नाहीच. खरं अंतर तुमच्या लॉरापासून २३० पर्यंत आहे. दुसऱ्या पिढीच्या आरएसला बाहेर २.० टीएसआय होतं, २०० पीएस. आपल्या लॉरा आरएसला दिलं १.८, १६० पीएस, म्हणजे तुमच्या साध्या लॉरात आहे तेच इंजिन. मधली पायरी आपल्याला कधी मिळालीच नाही. त्यामुळे १६० वरून २३० आणि २५० न्यूटन मीटरवरून ३५० अशी उडी एकदम बसते. पहिल्यांदा पाय दाबाल तेव्हा आईंना आधी सांगा.


एबीरोड_जुना

सयाजीगंजशी सहमत. फक्त ‘नवी पिढी म्हणजे जास्त ताकद’ हे जे सगळे गृहीत धरून चाललेत त्यावर थोडं.

आमच्या पिढीला पहिला चटका होंडा सिटीने दिला. जुनी १.५ व्हीटेक १०६ अश्वशक्तीची. पलासियावर सिग्नल सुटला की बाकीचे मागे. २००३ मध्ये नवी सिटी आली, दिसायला गोल, आत ऐसपैस, आणि इंजिन आयडीएसआय, ७७ अश्वशक्ती. एका पिढीत २९ घोडे तबेल्यातून गेले! कंपनीचंही चूक म्हणता येत नाही, गिऱ्हाईक मायलेज विचारत होतं. मग थोड्याच काळात व्हीटेक परत आणावी लागली आणि २००८ च्या पिढीत ती ११८ पीएसपर्यंत गेली. जुन्या व्हीटेकवाल्यांनी मधल्या काळात गाडी विकली नाही ते उगाच नाही.

जपानात तर याहून मोठे खड्डे आहेत. निसानची स्कायलाइन जीटी-आर १९७३ मध्ये जेमतेम १९७ गाड्यांवर थांबली. तेलाचं संकट आणि धुराचे नियम. पुढची आर३२ आली १९८९ ला. सोळा वर्षं! टोयोटा सुप्रा २००२ ला बंद, परत आली २०१९ ला, तीही बीएमडब्ल्यूच्या झेड४ चा सांगाडा आणि इंजिन घेऊन. युरोपातली होंडा सिव्हिक टाइप आर धुराच्या युरो ५ नियमांमुळे २०१० ला गेली आणि २०१५ ला टर्बो होऊन परतली. या जातीच्या गाड्या थोड्या विकल्या जातात. नियम बदलले की कंपनी आधी खपाचं मॉडेल सुधारून घेते, या रांगेत मागे राहतात. आपल्याकडची उदाहरणं ताजीच आहेत. टाटा टियागोची वेगवान जेटीपी २०१८ ला आली आणि धुराच्या बीएस६ नियमांच्या उंबरठ्यावर गेली. मारुतीच्या बलेनो आरएसचंही तेच. दोघींची दुसरी पिढी आलीच नाही.

म्हणून अंतर वर्षांत किंवा पीएसमध्ये मोजू नका. मधल्या काळात कोणता नियम बदलला आणि कंपनीने गाडी इथे जुळवली की तयार आणली, हे बघा. २३० ची किंमत सुरुवातीला २४.६२ लाख होती, २४५ ची ३५.९९ लाख. अकरा लाख त्या १५ पीएसचे नाहीत, आयातीचे आहेत. २४५ च्या २०० गाड्या पूर्ण तयार अवस्थेत बाहेरून आल्या, २५०० गाड्यांपर्यंत इथल्या चाचण्यांतून सूट देणाऱ्या नियमाखाली. जुन्या बाजारात तुम्ही त्याच शुल्काचा उरलेला भाग भरताय.


लष्करकर_ग्वाल्हेर

नवी घ्यायची असती तर एक सांगितलं असतं, आता धाग्यात पुढे येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. आमच्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात घेतलेल्या नव्या गाडीवर रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट असते, गाडी ग्वाल्हेरला नोंदवावी लागते. २०२४ पासून उज्जैनच्या विक्रमोत्सव मेळ्यातही ती मिळायला लागली, त्यामुळे इंदूरकर आता तिकडे रांग लावतात. महागड्या गाडीत ही रक्कम काही लाखांत जाते. जुन्या गाडीला यातलं काहीही नाही. आणि ज्या गाडीच्या १०० च आल्या आणि मेळ्याआधीच संपल्या, तिच्यासाठी मेळा काय कामाचा म्हणा.


साधी_बरी

एक वेगळा सूर. आरएसचा बॅज सोडा. २०२१ ते २०२३ मध्ये चौथ्या पिढीची साधी ऑक्टाव्हिया इथे मिळत होती. २.० टीएसआय, १९० पीएस, ३२० न्यूटन मीटर, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). तिची आरएस तेव्हा आलीच नाही, म्हणून लोक ती विसरले. तुमच्या बजेटमध्ये बसेल, वय कमी, मागे बसायला आराम, आणि आईंना पाठदुखी नाही. १६० वरून १९० ही उडी काही कमी नाही, टॉर्क तर ७० ने वाढतो.


लॉरावाला_इंदूर

@साधी_बरी, हे मी खरोखर चालवून पाहिलं. गाडी उत्तम आहे. पण उतरल्यावर मागे वळून बघावंसं वाटलं नाही. शिवाय एसी आणि बाकी सगळंच पडद्यात घुसवलेलं, रात्री सेंधव्याच्या घाटात कोण बोटं शोधत बसेल? लॉरातल्या गोल बटणांची सवय आहे.

@एबीरोड_जुना काका, २४५ चा भाव का टिकून आहे ते आता कळलं. तरी चालवण्यात काही फरक पडतो का हे कुणी सांगेल?


मीरा_सुदामानगर

मी सांगते. घरात २४५ आहे, नवऱ्याच्या भावाकडे २३०, दोन्ही चालवल्यात.

सरळ रस्त्यावर फरक कळत नाही. शून्य ते शंभर कंपनीच्या आकड्यांत ६.८ आणि ६.६ सेकंद. तो फरक घड्याळाला कळेल, आपल्याला नाही. कळतो तो वळणावर. खंडवा रोडला सिमरोल सोडलं की भेरूघाटात चढावरची जी उजवी वळणं आहेत, तिथे मध्यावर पाय दिला की २३० चं आतलं चाक क्षणभर सुटतं, गाडी ब्रेकच्या मदतीने ते आवरते आणि नाक थोडं बाहेर जातं. २४५ मध्ये पुढच्या चाकांच्या मधे व्हीएक्यू नावाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा क्लच आहे. तो जोर बाहेरच्या चाकाकडे ढकलतो, त्यामुळे पाय दिल्यावर गाडी उलट आत वळते. पहिल्यांदा स्टिअरिंग हातात थोडं ओढल्यासारखं वाटतं, मग त्याचीच सवय लागते. १५ पीएस विसरा, २४५ चे पैसे द्यायचे तर या एका गोष्टीसाठी द्या. गिअरही सहाऐवजी सात, हायवेवर बरं पडतं.

आता उलट बाजू. २३० ला १७ इंची चाकं, २४५ ला १८. आमच्या सुदामा नगरातले गतिरोधक तुम्हाला माहीत आहेत, कुणी घरापुढे हौसेने टाकलेत. चौघं बसलेली असली की २४५ तिरकी काढावी लागते, नाहीतर पुढच्या बंपरचा खालचा ओठ खरवडतो आणि तो आवाज थेट काळजात. खड्ड्यातही टायरची भिंत पातळ असल्याने दणका रिममध्ये जातो. सासूबाई सभ्य आहेत म्हणून फक्त ‘हळू गं’ म्हणतात. २३० त्या मानाने मवाळ. तुमचं पिथमपूरचं रोजचं जाणं, औद्योगिक भागातले ट्रकांनी उखडलेले तुकडे आणि मागे आई, हे सगळं धरलं तर माझं मत २३० ला.

आणि वेग बघायची हौस सुपर कॉरिडॉरवर भागवू नका. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक त्याचसाठी आहे. अर्थात तिथेही आधी वेळ ठरवून, पैसे भरूनच जावं लागतं, गेलो आणि घुसलो असं नाही.


रामबागचा_राजू

म्हणजे मी दोन ओळींत जे सांगितलं तेच. असो.


पाना_दहा_तेरा

राजूभाऊ, दोन ओळींत गाडी निवडता येते, तपासता येत नाही. मी पुढचं लिहितो.

सगळ्यात आधी गाडी खरी आरएस आहे का ते. तिसऱ्या पिढीच्या १.८ टीएसआयला आरएसचा बंपर, काळी जाळी आणि मागे बिल्ला लावून विकणारे महाभाग आहेत. फोटोंवर जाऊ नका, आरसी कार्डावर इंजिनची क्षमता बघा. आरएस असेल तर १९८४ सीसी, १.८ असेल तर १७९८. बिल्ला कुठेही मिळतो, आरसीवरचा आकडा नाही. हा फरक फक्त दिखाऊ नाही. १.८ ला कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी आहे, २५० न्यूटन मीटरपर्यंतचाच. २३० ला ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा. हा दुसरा दणकट, पण त्याचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलावंच लागतं. बिल मागा. ‘केलंय हो, कागद शोधावा लागेल’ हे उत्तर आलं तर झालेलं नाही असं समजून भावातून तेवढे वजा करा.

बॉनेट उघडल्यावर इंजिन चकाचक धुतलेलं दिसलं तर मला उलट शंका येते. टॉर्च घ्या आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, बेल्टच्या वरच्या बाजूने आत बघा. तिथे थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपचं प्लास्टिकचं घर आहे. या पिढीच्या इंजिनांत पाझर लागण्याची ती जगजाहीर जागा. कूलंट गुलाबी असतं, पाझरून वाळलं की तिथे गुलाबी-पांढरी पापडी धरते. बोटाने खरवडली तर पावडर निघते. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पापडी खोटं बोलत नाही. दुरुस्ती होते, घाबरण्यासारखं काही नाही, पण खर्च कुणाचा हे सौद्याआधी ठरवा.

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मीटर कमी आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले असं गणित निघालं तर मीटरवर विश्वास नको. गाडी थंड असताना सुरू करायला सांगा, तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवलेली नको. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चालवा, रिव्हर्स टाकून चढावर मागे घ्या. धक्के तिथेच कळतात.

रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवलेली नको. ‘स्टेज वन आहे, लोण्यासारखी चालते’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. आधीच ३५० न्यूटन मीटर पुढच्या दोन चाकांवर आहेत, त्यावर आणखी चढवून कुणी किती वर्षं पळवली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी, इथला कर नव्याने, आणि तिकडच्या आरटीओत उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागायचा. परतावा मिळतो, पण खेटे घालायला माणूस हवा. पुण्यात कुणी नातेवाईक असेल तर पुण्याची घ्या.

पेट्रोलचं: या दोन्ही गाड्या पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायच्या आधीच्या. टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.


सयाजीगंज_टर्बो

पाना_दहा_तेरा यांचं सगळं मान्य. एक भर घालतो. २३० आणि २४५ चे झिजणारे बरेचसे भाग तिसऱ्या पिढीच्या साध्या ऑक्टाव्हियाशी जुळतात आणि त्या देशभर फिरताहेत. अडतं ते आरएसच्या खास वस्तूंवर, पुढचा बंपर वगैरे. म्हणून विमा घेताना झिरो डेप्रिसिएशन (भागांचा घसारा न कापणारं कव्हर) सोडू नका, आणि थोडं खरचटलेला मूळ बंपर बाजारातल्या नव्या नकली बंपरपेक्षा बरा.


लॉरावाला_इंदूर

मंडळी, मनापासून आभार. २४५ यादीतून काढली. मीराताईंचं वाचून भेरूघाटासाठी जीव तुटतो, पण महिन्यात घाट किती वेळा आणि गतिरोधक किती वेळा याचा हिशोब बायकोने करून दाखवला.

पुढच्या पिढीचा प्रश्न तेवढा उरतो. २०२५ च्या सप्टेंबरात म्युनिकला स्कोडाने व्हिजन ओ दाखवली, ती विजेवरची इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीवाली गाडी. पुढची ऑक्टाव्हिया त्या वाटेने गेली तर पेट्रोलची आरएस ही शेवटचीच का?


एबीरोड_जुना

ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही, आणि तुमच्या निर्णयाला त्याची गरजही नाही. विजेवरची आली तर ती वेगळीच गाडी असेल, तिची तुलना २३० शी होणार नाही. पेट्रोलची आली तर सयाजीगंजच्या हिशोबाने इथे पोचेपर्यंत तुमची मुलं लायसन्सच्या वयाची. आणि तयार आयात झाली तर किंमत पुन्हा पन्नास लाखांच्या घरातच. थांबून तुम्हाला काय मिळणार?

लॉरा मात्र लगेच विकू नका. सहा महिने दोन्ही ठेवा. २३० वर्कशॉपात गेली तर पिथमपूरला जायला काहीतरी लागेल, आणि त्या मॅन्युअलला गिऱ्हाईक सहा महिन्यांनीही मिळेल.


लॉरावाला_इंदूर

पुण्यात चिंचवडला एक २३० कळली आहे, पांढरी, पहिलाच मालक, आरसीवर १९८४ आहे हे फोटोत बघून घेतलं. गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल मागितलंय, अजून आलेलं नाही. आतेभाऊ तिथेच राहतो, शनिवारी टॉर्च घेऊन जाईल. मालकाला आधी गाडी सुरू करू नका म्हणून सांगितलं तर तो विचारतो, ‘का हो, कुणी शिकवलं?’


पाना_दहा_तेरा

बिल येत नाही तोवर टोकन देऊ नका. आणि आतेभावाला सांगा, फोटो पापडीचा काढ, गाडीचा नको.